फोननं मला जावई केलं ती मंडई

काल दुकानासमोरून नाटकाची जाहिरात करणारा ऑटो गेला. भोंग्यातून नायिकेचं नाव, खलनायकाचं नाव, गावाचं नाव, आणि मध्येमध्ये ‘मंडईनिमित्त, मंडईनिमित्त!’ हायवेवरच्या ट्रकांना न जुमानता तो भोंगा सगळ्या लाखनीभर फिरला आणि माझा हात गिऱ्हाइकाच्या कागदावर तसाच थांबला. आली मंडई! पोटात लहानपणी व्हायची तशी गुदगुली झाली, आणि तिच्या मागोमाग जुना रागही वर आला. माझ्यासाठी ती दोन्ही आता एकाच वाटेनं येतात.

ज्यांना आमची पूर्व विदर्भातली झाडीपट्टी ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. दिवाळी झाली, लवकर येणारं हलकं धान कापून झालं, की आमच्याकडे गावोगावी एकेका दिवसाची जत्रा भरते. आज या गावची मंडई, उद्या पलीकडच्या. बांध्यांमध्ये कापलेल्या धानाचे खुंट, त्यावर दव, तनसाचा, म्हणजे धानाच्या पेंढ्याचा, कोरडा गोड वास. गावात शिरलं की जिलेबीचा पाक, गरम फुटाणे, नव्या बांगड्यांचे हारे, धूळ उडवत फिरणारा पाळणा. आणि सगळ्यात मोठी गोष्ट अशी, की त्या दिवशी गावात पाऊल टाकणारा प्रत्येक जण पाहुणा असतो. वाटेनं जाणाऱ्याचा हात धरून अंगणात बसवतात. “चाय घेतल्याबिगर कसे जाता जी?” तो कोण, कोणाचा, हे नंतर. कधीकधी तो जेवून निघून जातो तरी पत्ता लागत नाही, आणि मग दोन दिवस नवराबायकोत वाद, तो तुझ्या मामाकडचा होता की माझ्या.

मी वाढले तलावाकाठी, साकोलीकडच्या एका गावात. आमचं घर मासोळीवर चालायचं. बाप पहाटे डोंगा घेऊन पाण्यात, आणि मी आईबरोबर टोपली घेऊन आठवडी बाजारात. सौदा करायला मी तिथं शिकले. गिऱ्हाइकाच्या तोंडाकडे नाही, पायाकडे बघायचं. तोंडानं तो ‘महाग आहे’ म्हणतो, पण पाय हलले नसतील तर तो घेणार. आणि आपण मागायचं ते जरा जास्तच मागायचं, म्हणजे सोडायला काहीतरी हातात राहतं. पुढे टायपिंग शिकले, रस्त्यावर टपरी टाकली, टपरीचं दुकान झालं. प्रिंट काढणं, अर्ज भरणं, लग्नपत्रिका जुळवणं. मला कोणी काही फुकट दिलेलं नाही, म्हणून फुकट देणाऱ्याचा मला पहिल्यापासून संशय येतो.

तरी फोनमधला मराठी कळफलक मी फुकटचाच वापरत होते. भाचीनं घालून दिला होता. झकास होता, खोटं कशाला बोलू. अर्धा शब्द लिहावा, उरलेला तो वर दाखवतो, बोट लावलं की झालं. माझ्यासारख्या घाईतल्या बाईला आणखी काय पाहिजे?

काही वर्षांपूर्वी माझ्या माहेरच्या मंडईच्या आदल्या दिवशी मी वहिनीला निरोप पाठवला. दुकानात गर्दी, एका हातात प्रिंट, दुसऱ्या हाताच्या अंगठ्यानं लिहिते आहे. ‘मी’ लिहिलं, कळफलकानं पुढचा शब्द दाखवला, बोट लावलं. ‘उद्या’ लिहिलं, बोट लावलं. निरोप गेला: ‘मी निघालो. उद्या येतो.’ पिशवी भरली की आमच्याकडे माणूस निघालेलाच असतो.

आता आमचा नंबर असा, की तो आधी माझ्या नवऱ्याचा होता. तो ट्रकवर असतो, त्यानं दुसरा घेतला आणि हा दुकानाला राहिला. वहिनीच्या फोनमध्ये मात्र तो ‘जवाईबापू’ म्हणूनच होता.

दुसऱ्या दिवशी मी पोहोचले तर अंगण सारवलेलं, पाट मांडलेला, पाय धुवायला गरम पाण्याची घागर. चुलीवर मरळ रटरटते आहे. तलावातली सगळ्यात चांगली मासोळी, जी आमच्या घरात विकायची असते, खायची नसते. दादा नवा सदरा घालून उभा. माझ्या मागे, माझ्या खांद्यावरून, दूर रस्त्याकडे बघतो आहे.

“जवाई कुठं हायेत?”

“ते तिकडं ओडिशात, कटकले हायेत. ट्रक घेऊन.”

“मंग त्याइनं निघालो म्हणून काहून सांगतलं?”

“त्याइनं नाई, मी सांगतलं!”

वहिनीनं फोन काढून पुढे धरला. “हे पाहा ना बाई. निघालो. येतो. तुमी काय आता सदरा घालता का?”

सगळं अंगण हसलं. शेजारच्या काकू पोट धरून ओट्यावर बसल्या. मीसुद्धा हसले असते, पण दादानं तेवढ्यात सदऱ्याची वरची गुंडी सोडली आणि हुश्श केलं. आता काही बघायला नको, आपलीच आली आहे, असं. माझं डोकंच फिरलं.

“मी आली तं कमी हाय का? त्या घागरीतलं पाणी मले चालत नाई का?”

मी त्या पाटावर बसले, गरम पाण्यानं पाय धुतले आणि मरळीचं डोकंसुद्धा मीच खाल्लं. पण ते ‘निघालो’ घशात काट्यासारखं अडकून राहिलं.

दादाची मुलगी रोशनी तेव्हा बारावीला होती. कळफलक घालून देणारी भाची ती हीच. अंगणातल्या गोंधळात ती एकटी हसत नव्हती. माझा फोन घेऊन कोपऱ्यात बसली होती आणि लिहून बघत होती. ‘मी आ’ लिहिलं की ‘आलो’. ‘मी थ’ लिहिलं की ‘थकलो’. ‘मी वि’ लिहिलं की ‘विसरलो’. “आत्या,” ती म्हणाली, “याले बाई ठाऊकच नाई.”

मग तिनं मला समजावलं. या कळफलकाचा मालक कोणी नाही. तो बनवणारी माणसं कुठे पुण्यात, कुठे नाशकात, आपापली नोकरी करून फावल्या वेळात तो सांभाळतात. आतलं सगळं सामान उघडं ठेवलेलं आहे. कोणालाही चूक दिसली तर दुरुस्त करून पाठवावी, त्यांना पटली तर ती सगळ्यांच्या फोनमध्ये जाते. याला म्हणतात ओपन सोर्स.

“म्हंजे मंडईच झाली,” मी म्हटलं. “कोणीही या.”

“हो, तसंच लिवून हाय. ‘सर्वांचे स्वागत आहे.’”

ती मुलगी त्यावर काय पेटली म्हणून सांगू! गावोगावच्या मंडया चालू होत्या, घरात पाहुण्यांची रीघ, आणि ही माझ्या दुकानातून जुना लॅपटॉप उचलून नेऊन तनसाच्या ढिगाला टेकून बसलेली. केसांत काड्या. शिकत होती, चुकत होती, पुन्हा करत होती. एक दिवस धावत आली. “आत्या, झालं! मी लिवलं की आता तिन्ही येतात. आलो, आले, आली.” तिन्ही का, तर पुस्तकातली बाई ‘मी आले’ म्हणते. मीही लिहिताना तसंच लिहिते, इथं लिहिते आहे तसं. पण बोलताना आमच्याकडची बाई म्हणते, ‘मी आली’. रोशनीनं दोघींना जागा दिली होती.

तिनं दुरुस्ती पाठवली. दुकानाच्या खात्यावरून पाठवली, कारण तिचं वेगळं खातं नव्हतं. त्या दिवशी संध्याकाळपर्यंत ती दर घटकेला फोन बघत होती. तिची आई म्हणाली, “कोणाचा निरोप येऊन राहिला गं पोट्टे, सांग तं खरं.” आणि उत्तर आलं. एका ओळीचं.

‘सर, हा दोष नाही. आधी मागची चर्चा वाचा.’ आणि दार बंद.

तिनं मागची चर्चा वाचली. दोन दिवस डोळे लाल होईपर्यंत वाचली. ‘मी आली’बद्दल त्यात एक अक्षर नव्हतं. तिनं नम्रपणे तसं विचारलं, तर उत्तरच नाही. आणि मंडया अजून संपल्याही नव्हत्या तेव्हा दुसऱ्या कोणी गृहस्थानं तीच सूचना केली. तीच. फक्त ‘आले’ घातलं, ‘आली’ नाही. त्याला मात्र टाळ्या, शाबासकी, ‘उत्तम निरीक्षण, सर’, आणि आभाराच्या पानावर नाव.

रोशनी रडली नाही. ती रडली असती तर मला बरं वाटलं असतं. तिनं लॅपटॉप पुसला, पिशवीत घातला, माझ्या दुकानात आणून ठेवला आणि म्हणाली, “आत्या, मी नाई जात आता तिथं. बाबा नर्सिंग म्हणतात ते करते म्हणून सांगून देजो.” नर्सिंग वाईट नाही. माझी मावसबहीण नर्स आहे आणि सगळ्या गावाला दटावते. पण या मुलीला सुई बघून चक्कर येते! आणि ती इतक्या सहज ‘हो’ म्हणाली, की माझ्या हातातला चहाचा कप मी जरा जोरातच आपटला. कान तुटला त्याचा.

मला माझा अपमान सहन होतो. बाजारात मोठी झालेय, मी परत करते आणि मोकळी होते. पण या मुलीच्या तोंडातला घास काढून दुसऱ्याला भरवला, ते मी अजून विसरलेले नाही. विसरायचा विचारही नाही.

तर मी काय केलं? त्या मंडळींची महिन्यातून एकदा फोनवर बैठक असते, कोणीही बसावं अशी. मी रोशनीकडून लिंक काढली. ती नको नको म्हणत होती. बैठकीच्या दिवशी दादाच्या सासुरवाडीला मंडई होती, आम्ही सगळे तिथं. नेटवर्क मिळेना, अखेर घरामागच्या तनसाच्या ढिगावर चढून बसले तेव्हा दोन कांड्या आल्या. खाली अंगणात बायका वडे तळतायत, पलीकडे दंडारीच्या खेळाचे ढोल, भोंग्यावर हरवलेल्या पोराचं वर्णन. आणि वर मी, फोन कानाशी नाही, समोर धरून, आवाज पूर्ण मोठा.

पुण्याचे एक केदार म्हणून होते, तेच सगळं सांभाळायचे. आवाज थकलेला, सभ्य. “नमस्कार सर, आपण नवीन आहात का?”

“मी सर नाई. मी बाई आहे. शोभा.”

मग दोघेतिघे एकदम. “अरे वा मॅडम, स्वागत, स्वागत!” आणि एकानं लगेच मला फोन कसा वापरायचा ते समजावायला सुरुवात केली. कुठलं बटण कुठं असतं. लाखनीतल्या निम्म्या लोकांना फोन कसा वापरायचा ते मी शिकवलंय! मी त्याला पूर्ण बोलू दिलं. समोरच्याला आधी दमू द्यावं.

मग मी मांडलं. मुलीची दुरुस्ती, तिचं बंद केलेलं दार, त्या गृहस्थाला मिळालेल्या टाळ्या.

केदार म्हणाले, “ताई, मान्य. रोज इतक्या निरर्थक गोष्टी येतात की एखादी नीट न बघता बंद होते. चूक झाली. पण ‘मी आली’ हे रूप शुद्ध नाही. ‘मी आले’ हवं, आणि ते आता आहे.”

एव्हाना खाली वडे थांबले होते. माझा आवाज चढला की आमच्या बायकांना वर यायला वेळ लागत नाही. वहिनी पदराला हात पुसत तनसावर चढली.

“कोण म्हणते शुद्ध नाई?” ती फोनमध्ये वाकून म्हणाली. “मी काल साकोलीले गेली होती. म्हंजे मी गेलीच नाई का जी?”

मागून तिची बहीण, “मी थकली!” तिच्या मागून त्यांची म्हातारी काकू, “मी नाई विसरली गा, सुनेनं कितीबी सांगू दे!” आणि मग धबधबाच सुटला. मी उठली, मी निजली, मी भांडली, मी जितली. प्रत्येकीला त्या फोनमध्ये आपलं एक ‘मी’ टाकायचंच होतं.

“हे… हे कोण बोलतंय?” केदार.

“तुमचा कळफलक वापरणाऱ्या बाया हायेत. तुमाले ठाऊक नव्हत्या, म्हणून आणल्या.”

आणि तेव्हा ती गोष्ट झाली, जी आठवली की अजून अंगावर काटा येतो. बैठकीत मृणाल नावाचे एक जण होते. फार जुने, फार हुशार, कधी बोलत नसत, फक्त लिहीत. सगळे त्यांना ‘मृणाल सर’ म्हणायचे. एकाएकी एक बाईचा आवाज आला. बारीक, पण स्वच्छ.

“मी मृणाल. मी बाई आहे.”

तनसावरच्या साऱ्या बायका फोनवर वाकल्या.

“आल्याबरोबर कोणीतरी सर म्हणालं. दुरुस्त करायला गेले असते तर त्याचीच चर्चा झाली असती. म्हणून राहू दिलं. दोन वर्षं झाली.”

वहिनी हळूच म्हणाली, “अरे बाप्पा, हे तं आपल्याहून जास्त दिवस जवाई होऊन राहिली.”

केदारांनी फोन ठेवला नाही. मला त्यांचे पाय दिसत नव्हते, पण ते हलले नाहीत एवढं मला कळलं. सौद्याची वेळ हीच. मी पहिली मागणी टाकली: आभाराच्या पानावरून त्या गृहस्थाचं नाव काढा. झाला गोंधळ. तसं कसं, त्यांनीही काम केलंय, नियम आहेत. मी अडून बसले, चांगली अडून बसले. ती मागणी मी सोडण्यासाठीच ठेवली होती. शेवटी मोठ्या मनानं सोडली आणि तिच्या बदल्यात जे हवं होतं ते उचललं. रोशनीची दुरुस्ती तिच्या नावानं जाईल, ‘आली’सकट. नवीन येणाऱ्याला कोणी आपल्या मनानं सर म्हणणार नाही. त्याला काय म्हणायचं ते त्यालाच विचारायचं. आणि पहिल्यांदा काही पाठवणाऱ्याचं दार एका ओळीत बंद करायचं नाही. चुकलं असेल तर जुन्यांपैकी कोणीतरी त्याच्याबरोबर बसेल, ते पार होईपर्यंत.

“बसणार कोण, ताई? आम्हाला वेळ कुठाय?” केदार म्हणाले. त्यांचं खरंही होतं.

“मी बसेन,” मृणाल म्हणाली. “रोशनी आहे का तिथे?”

रोशनी ढिगाच्या खाली उभी होती. सगळं ऐकत. मी फोन खाली दिला. ती घेईना. मी रागावून काही म्हणणार, तेवढ्यात वहिनीनं माझा हात दाबला. मग त्या मुलीनं हात लांब केला.

ती बोलत बोलत शेताकडे निघून गेली. धानाच्या खुंटांमधून, फोन कानाला, एका हातानं हवेत काहीतरी दाखवत, जणू पलीकडच्या बाईला ते दिसतं आहे. वडे थंड झाले तरी आली नाही. त्या हंगामात उरलेल्या सगळ्या मंडयांत ती अशीच असायची, कुठल्यातरी कुंपणापाशी, हसत, वाद घालत. मृणाल तिला जे शिकवायची ते ती मला सांगायची, आणि मला त्यातलं निम्मं कळायचं नाही, पण मी मान हलवायचे. कारण तिचा चेहरा! तलावावर पहिलं ऊन पडतं तेव्हा पाणी चमचमायला लागतं, तसं तिच्या बोलण्यातला एकेक शब्द चमचमायचा.

दादा कुरकुरला. मग एक दिवस म्हणाला, “पोट्टी त्या पुण्यावाल्यांशी असी बोलते जसी आमी खताच्या दुकानातबी बोलत नाई. टाका बाप्पा कम्प्युटरले.” ती आता भंडाऱ्याला शिकते.

त्या गृहस्थाचं नाव अजून पानावर रोशनीच्या वर आहे. मी उघडून बघते कधीमधी. खुपतं. खुपू दे.

हे सगळं आज कशाला लिहिते आहे? भोंगा ऐकला म्हणून, आणि आज दुपारी जे झालं म्हणून. रोशनी मंडईसाठी आली आहे, दुकानात माझ्याशेजारी बसली होती. नवीन येणाऱ्यांना उत्तरं देण्याचं काम आता तिच्याकडे असतं. वाचता वाचता ती थबकली.

“आत्या, हे ऐक. कोल्हापूरकडची अश्विनी नावाची मुलगी आहे. पहिल्यांदाच लिहून राहिली. म्हणते, ‘तुम्ही बायकांसाठी आले-आली पुढे आणलं, आणि आता माझ्या फोनात आलो इतकं मागे गेलंय की सापडत नाही. आमच्याकडे मुली मी आलो, मी गेलो असंच बोलतात. माझी आई बोलते, आजी बोलते. ते आम्हाला परत द्या.’”

मी तिच्याकडे बघतच राहिले. परत द्या? ‘आलो’ परत द्या? ज्या शब्दापायी माझं नाक कापलं गेलं, मी तनसावर चढून भांडले, तोच? माझं डोकं भणभणलं.

“सांग तिले,” मी म्हटलं, “लय झगडून मिळवलं हे. आता बदलत नाई.”

रोशनीची बोटं कळांवर होती, पण हलली नाहीत. “आत्या, एवढी पहिल्यांदा आली बिचारी. अन् आल्याआल्या तुयाशी झगडून राहिली. तुले नाई आवडलं?”

समोरून ट्रक गेला, दुकानाच्या काचा वाजल्या. मी तो निरोप तिच्या हातातून घेऊन पुन्हा वाचला. ‘परत द्या’ म्हणते! ‘कृपया’ नाही, ‘शक्य असल्यास’ नाही. कोण ही पोट्टी? कोणाची आहे? आणि वाचता वाचता मला हसू फुटायला लागलं, आतून, आवरेना. इतक्या दिवसांत मला माझ्या तोडीचं गिऱ्हाईक भेटलं नव्हतं.

“विचार तिले,” मी खुर्ची पुढे ओढत म्हटलं, “नुसती बोलून राहिली, का आपल्या बायांची वाक्यंबी आणली? रिकाम्या हातानं सौदा होत नाई म्हणा.”

रोशनीनं लिहिलं. आम्ही दोघी थांबलो. गिऱ्हाईक झेरॉक्ससाठी हाक मारत होतं, त्याला मी हातानंच थांब म्हटलं.

मग फोन वाजायला लागला. एक वाक्य, दुसरं, तिसरं, आईचं, आजीचं, बहिणीचं, थांबतच नव्हता.